बुधवारचा चौथा तास

मी शाळेत रुजू झाले त्या दिवशी मुख्याध्यापकांनी माझं ग्रंथालयशास्त्राचं प्रमाणपत्र उलटंसुलटं करून बघितलं, टेबलावर ठेवलं आणि विचारलं, "काट्यावर तांदूळ मोजता येतो ना, मॅडम?"

मला धक्का बसला नाही. हा प्रश्न येणार हे नवीन जालन्यात, स्टेशनजवळच्या एका चहाच्या टपरीवर, एका माणसाने आम्हाला आधीच सांगून ठेवलं होतं. उत्तरही सांगितलं होतं. "येतो म्हणू नका. येत न्हाई म्हणू नका. पोत्यावरचा छापा वाचून दाखवू का, असं विचारा. तेवढ्यात हेडसर दुसऱ्याला हाक मारतात."

मी तसं विचारलं. मुख्याध्यापकांनी दुसऱ्याला हाक मारली नाही. पोषण आहाराच्या खोलीची किल्ली काढून माझ्यापुढे ठेवली. ग्रंथालयही त्याच खोलीत होतं.

त्या माणसाला आम्ही सर म्हणायचो. त्यांचं नाव मी लिहिणार नाही, तशी त्यांचीच अट होती. आठवडाभर ते घनसावंगी तालुक्यातल्या एका शाळेत अर्धवेळ ग्रंथपाल असायचे आणि रविवारी जालन्याला येऊन आमच्या कोर्सला वर्गीकरण शिकवायचे. कुठल्या पुस्तकाला कुठला अंक द्यायचा आणि कपाटात त्याला कोणाच्या शेजारी बसवायचं, ते शास्त्र म्हणजे वर्गीकरण. आमचा वर्ग एका बियाण्याच्या दुकानाच्या वरच्या मजल्यावर भरायचा. हंगामाच्या तोंडावर खाली कपाशीच्या पाकिटांसाठी रांग लागायची, औषध लावलेल्या बियाण्याचा उग्र वास जिन्यातून वर यायचा, आणि वर आम्ही मत्स्यपालनावरचं पुस्तक शेतीत बसतं की प्राणिशास्त्रात, यावर वाद घालत बसायचो.

सर यायचे ते काखेत फाइल आणि खांद्यावर पांढरा फडका घेऊन. फडका स्वच्छ धुतलेला, घडी मोडलेली नाही असा. आल्या आल्या ते टेबल पुसायचे, खुर्ची पुसायचे, फळा पुसण्याआधी डस्टर पुसायचे. मग आमच्याकडे वळून म्हणायचे, "ग्रंथपाल, हात."

आम्ही सगळे मोठी माणसं. कोणी लेकराबाळांचे, कोणी शेतातलं काम टाकून आलेले. एक काका तर पन्नाशीकडे झुकलेले, एका शाळेत लिपिक होते आणि संस्थेने सांगितलं म्हणून कोर्स करत होते. आम्ही सगळे तळवे वर करून हात पुढे धरायचो. ज्याचे मळलेले असतील त्याने खाली जाऊन नळावर धुऊन यायचं.

एकदा काका वैतागले. "सर, आज पुस्तकच न्हाई वर्गात. नुसता फळाच है. हात कशाला धुवायचे?"

सर म्हणाले, "आज पुस्तक न्हाई म्हणून हात मळके ठेवायचे का? उद्या आलं तर?"

काका उठले, पुटपुटत जिना उतरले, हात धुऊन आले. पुढच्या रविवारी ते दुकानाच्या दारातच हात धुऊन वर आले आणि सगळ्यांना दाखवत फिरले.

आम्हा सगळ्यांना ते "ग्रंथपाल" अशीच हाक मारायचे. अजून प्रवेशाची पावतीही न मिळालेल्या मुलीलासुद्धा. त्याचं कारण त्यांनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. "आत्ता ऐकून घ्या. शाळेत गेल्यावर या नावानं कोणी हाक मारणार न्हाई. लायब्ररीवाले म्हणतील, तांदूळवाले म्हणतील. मला मधी बरेच दिवस पोरं घंटावाले सर म्हणायची. शिपाई रजेवर गेल्ता, तो परत आलाच न्हाई."

दिसेल त्या माणसाला कुठल्या तरी फळीवर बसवायचा त्यांना नाद होता. कामाला हो म्हणत नाही आणि नाहीही म्हणत नाही असा साहेब भेटला की "संकीर्ण." स्वतःच्या मुख्याध्यापकांबद्दल म्हणायचे, "मोठ्या आकाराचा ग्रंथ आहे. नेहमीच्या कपाटात बसत न्हाई, आडवा ठेवावा लागतो." आणि परत न आलेल्या पुस्तकाला त्यांनी कधी हरवलं म्हटलं नाही. "त्याला उशीर झालाय," असं म्हणायचे, शेवटची एसटी चुकलेल्या पाहुण्याबद्दल बोलावं तसं.

शिकवताना मात्र गंमत नाही. पुस्तकात आहे तसं, ओळ न सोडता शिकवायचे. वाचकाशी कसं वागावं या प्रकरणात त्यांनी एक टीप उतरवून दिली होती: वाचत बसलेल्या माणसापेक्षा त्या खोलीत मोठा कोणी नसतो, त्याच्यासमोर ग्रंथपालाने उभं राहावं, वाचकाला उठवू नये आणि तो वाचत असताना आवाज करू नये. आम्ही ती पाठ केली. परीक्षेत आली, सगळ्यांनी लिहिली.

एका रविवारी काकांनी विचारलंच. "सर, राग मानू नका. पण हे दशांशाच्या पुढचे अंक, ही कार्डं, हे समासाचं अंतर, याचा शाळेत उपयोग काय?"

सरांनी फळ्यावरचा अंक पूर्ण केला. "काहीच न्हाई," म्हणाले. "मला शिकवायला सांगितलंय ते शिकवून राह्यलो. उपयोगाचं विचारायचं असंल तर चहाला विचारा."

तेव्हापासून आमचे दोन अभ्यासक्रम सुरू झाले. एक वरच्या मजल्यावरचा आणि एक चहाच्या टपरीवरचा. वरच्याची परीक्षा व्हायची. टपरीवर सर कपाच्या कडा फडक्याने पुसायचे आणि रिक्षांच्या गोंगाटात आवाज न चढवता सांगायचे.

"हातात पुस्तक घेऊन व्हरांड्यात हिंडू नका. पुस्तक घेतलेला माणूस रिकामा दिसतो. लगेच ऑफ तासावर पाठवतात. हातात फाइल ठेवा. फाइलमधी काय आहे कोणी विचारत न्हाई."

"तुमच्या फाइलमधी काय आहे, सर?" मी विचारलं होतं.

"गोष्टीचं पुस्तक."

दुसऱ्या एका रविवारी म्हणाले, "साहेब आले की सगळ्यात आधी उठा. ते दारात दिसायच्या आधी उठा. गाडीचा आवाज ओळखायला शिका. निम्मी नोकरी त्याच्यावर आहे."

आणि एकदा, आपली नसलेली कामं अंगावर पडतात अशी काकांनी कुरकुर केली तेव्हा: "न्हाई म्हणायचं असंल तर बसून म्हणा. उभ्या माणसाचं न्हाई कोणी धरत न्हाई. त्याला वाटतं, हा उठलाच आहे तर जाईल."

"तुम्ही म्हटलंय का कधी बसून?"

"अजून बसायला कोणी सांगितलं न्हाई," सर म्हणाले, आणि काकांच्या कपाखालची बशी पुसली.

माझ्या वडिलांनी आयुष्यभर पत्रकं वाटली. आमच्या घरी पुस्तकं हाताच्या बोटांवर मोजावीत इतकी, पण खाटेखाली पत्रकांचे गठ्ठे. मी अक्षरं ओळखायला शिकले ती मोर्चाच्या पत्रकावरची. त्यामुळे चिडायला मला वेळ लागत नाही, आणि या प्रशिक्षणावर मी चिडले ती अजून चिडलेलीच आहे. ज्यांनी हा अभ्यासक्रम लिहिला त्यांच्या डोळ्यांसमोर एक शांत दालन आहे. खिडकीपाशी टेबलं आहेत, सूचीच्या कार्डांचे खण आहेत आणि लेखकाच्या आडनावावरून पुस्तक शोधणारा वाचक आहे. आमच्या शाळेतल्या ग्रंथालयात खिडकीला टेकून तांदळाची पोती आहेत. कपाटापुढे तुटके बाक रचलेले आहेत, म्हणून कपाट उघडत नाही. आणि वाचकाला खोलीत यायची परवानगी नाही, कारण आहाराच्या खोलीत मुलं गेलेली चालत नाहीत. या खोलीत काय करायचं, याचं एकही प्रकरण कोणत्याही पुस्तकात नाही. मुलांना शिष्यवृत्तीचे अर्ज भरून द्यायचे, माहिती ऑनलाइन चढवायची, कोणी शिक्षक रजेवर असला की त्याचा वर्ग शांत ठेवायचा, आणि या सगळ्यातून एका मुलाच्या हातात एक पुस्तक पडेल असं बघायचं. ही खरी विद्या. ती शिकवायला एक थकलेला माणूस होता आणि जागा होती चहाची टपरी. याला कोणी प्रशिक्षण म्हणत असेल तर म्हणो. मी याला माणसं वाऱ्यावर सोडणं म्हणते.

हे वाऱ्यावर सोडण्याचं मी सरांना कोर्स चालू असतानाच म्हणाले होते. ते म्हणाले, "बराबर आहे. आता हात दाखवा."

कोर्सच्या शेवटी प्रात्यक्षिकासाठी कुठल्या तरी शाळेच्या ग्रंथालयात जाऊन काम करायचं होतं. मी सरांचीच शाळा मागून घेतली. ऊस तोडणीचे दिवस होते, रस्त्यावर ट्रॅक्टरमागे ट्रॅक्टर, आणि जीपमध्ये बसून पोचेपर्यंत केसात धूळ. सर फाटकापाशी बादली आणि तांब्या घेऊन उभे होते. "आधी हात," म्हणाले.

त्यांच्या खोलीतही पोती होती, खेळाचं साहित्य होतं, पुढच्या वर्षीच्या पाठ्यपुस्तकांचे गठ्ठे होते, बंद पडलेला प्रिंटर होता. पण सगळ्यांवर चिठ्ठ्या. पोत्यांवर अन्नशास्त्राचा वर्गांक, चेंडूंच्या जाळीवर खेळाचा, झाडूवर गृहव्यवस्थापनाचा, आणि सगळं त्या अंकांच्या क्रमाने मांडलेलं. प्रिंटरला मात्र चिठ्ठी नव्हती.

"याला अंक नाही, सर?"

"त्याचं चाललंय. मुद्रणात बसवू का इतिहासात, ठरंना."

तो बुधवार होता. चौथ्या तासाची घंटा झाली तशी सरांनी कोपऱ्यातली सतरंजी उचलली, बाहेर नेऊन झटकली, पोत्यांच्या मधल्या मोकळ्या जागेत अंथरली. मग कपाटातून पुस्तकं काढून एकेक पुसत सतरंजीवर मांडली, मुखपृष्ठं वर, दोन पुस्तकांमध्ये एक मूल बसेल एवढं अंतर ठेवून. मांडून झाल्यावर दाराशी स्टुलावर बसले.

मी वाट बघत राहिले. कोणी आलं नाही. समोरच्या वर्गातून गणिताच्या सरांचा आवाज येत होता.

"कुठला वर्ग येतो, सर?"

"आठवी."

"कुठे आहे मग?"

त्यांनी समोर बोट केलं. "गणितात. त्यांचा पोर्शन मागं राह्यलाय."

"आज?"

"दर साली राहतो."

वेळापत्रकाच्या फळ्यावर आठवीच्या रकान्यात बुधवारचा चौथा तास 'ग्रंथालय' असा स्पष्ट लिहिलेला होता. शाळेत एवढा एकच तास त्यांचा. आणि तो गणिताचे सर घेत होते, त्याआधी इंग्रजीचे घ्यायचे, त्याआधी कवायत असायची. सर दर बुधवारी सतरंजी घालत होते आणि घंटा झाली की पुस्तकं पुसून परत कपाटात ठेवत होते.

मी भडकले. "सर, तुम्ही जाऊन मुलं मागत का नाही? हा तुमचा तास आहे. आणि मुलं नाहीत तर हे मांडता कशाला?"

"मागतो. दर सोमवारी मागतो. हेडसर म्हणतात, बघू." त्यांनी सतरंजीवरचं एक पुस्तक जरा सरळ केलं. "आणि मांडतो कशाला, तर तास आहे म्हणून. मी जर न्हाई मांडलं ना, ग्रंथपाल, तर तो रिकामा तास झाला. रिकामा तास फळ्यावर टिकत न्हाई. मी बसून राह्यलो म्हणून तेवढं एक नाव फळ्यावर राह्यलंय. पुढच्या साली मी रिटायर. माझ्या जागी कोणी येणार न्हाई, अर्धवेळची जागा आता भरत न्हाईत. तास तरी राहावा. तास राह्यला तर कधी न कधी पोरं येतील, कोणी का घेऊन येईना."

एवढं सलग ते वर्गातही कधी बोलले नव्हते. बोलून झाल्यावर दमल्यासारखे भिंतीला टेकले.

माझं प्रात्यक्षिक चालू असतानाच शाळेची तपासणी लागली. आणि चमत्कार झाला असं मला वाटलं. मुख्याध्यापक स्वतः खोलीत आले आणि म्हणाले, "साहेबांना ग्रंथालय दाखवायचंय. पोती प्रयोगशाळेत हलवा. चौथ्या तासाला आठवी इथं बसवा, हातात पुस्तकं द्या. मॅडम, तुम्ही पण असं काही तरी लिहीत बसा."

तो दिवस बुधवारच होता. सर आदल्या दिवसापासून कामाला लागले. खोली झाडली, पुसली, खिडकी उघडली. खिडकी उघडली तेव्हा मला कळलं की तिथून आंब्याचं झाड दिसतं. सकाळी त्यांनी आठवीच्या मुलांना नळावर रांगेत उभं करून हात धुवायला लावले. मुलं हसत होती, एकमेकांच्या अंगावर पाणी उडवत होती.

मग ती आत आली, सतरंजीवर बसली. सरांनी त्यांना काही सांगितलं नाही. नाटक करा म्हटलं नाही, गप्प बसा म्हटलं नाही. मुलं आधी चुळबुळ करत राहिली, चित्रं बघत राहिली. मग एका मुलीने सापांवरचं पुस्तक उघडलं. शेजारचीने तिच्या खांद्यावरून डोकावलं, "ए, घोणस हाय का त्याच्यात?" विचारलं, आणि तिथून हळूहळू खोली शांत होत गेली. दोन मुलं एकाच पुस्तकावर ओणवी झाली होती. एक जण पान उलटायला गेला की दुसरा त्यावर हात ठेवायचा. सर दाराशी स्टुलावर होते. त्यांच्या चेहऱ्याकडे मी बघितलं नाही, बघू नये असं वाटलं.

बाहेर गाडी थांबली. सरांनी आवाज ओळखला आणि उठून उभे राहिले.

आमच्याकडे पाहुणे वर्गात आले की सगळा वर्ग एकदम उठतो, लांबलचक "नमस्ते सर" म्हणतो आणि "बसा" ऐकल्यावरच बसतो. बालवाडीपासून हे अंगात मुरवलेलं असतं. साहेब दारात आले, मागे मुख्याध्यापक. मुलं उठली नाहीत. अर्ध्यांनी बघितलंच नाही. साहेब थांबले. ते चांगले गृहस्थ असतीलही, पण असं त्यांच्या बाबतीत कुठल्या शाळेत घडलं नसावं.

"यांना उठायला शिकवलं नाही का?" त्यांनी विचारलं.

मुख्याध्यापक घाईने म्हणाले, "उठा रे. उठा, नमस्ते म्हणा."

मुलांनी माना वर केल्या. दोघं-तिघं अर्धवट उठली आणि सरांकडे बघू लागली. सापांचं पुस्तक धरलेल्या मुलीने पानात बोट घालून ठेवलं होतं. सगळी खोली सरांकडे बघत होती, मीसुद्धा. सर उभेच होते, फडका खांद्यावर, हात बाजूला. मग ते सतरंजीच्या कडेला, मुलांच्या शेजारी, हळूच खाली बसले.

"वाचून राह्यलेत, साहेब," ते म्हणाले.

अर्धवट उठलेली मुलं परत बसली. साहेब वळले आणि पुढच्या वर्गाकडे गेले. घंटा होईपर्यंत कोणी उठलं नाही.

शेऱ्यात आलं: विद्यार्थ्यांमध्ये शिस्तीचा अभाव. मुख्याध्यापकांनी संध्याकाळी शिक्षकांच्या खोलीत सगळ्यांना बोलावलं. ते ओरडले नाहीत. खरं सांगायचं तर तेही थकलेलेच दिसत होते. वेळापत्रकाच्या फळ्यापुढे गेले, आजूबाजूला डस्टर शोधलं, सापडलं नाही. मग सरांकडे हात केला. "द्या तो तुमचा फडका."

सरांनी खांद्यावरून फडका काढून दिला. मुख्याध्यापकांनी आठवीच्या रकान्यातलं 'ग्रंथालय' पुसलं आणि तिथे 'शिस्त व कवायत' असं लिहिलं. फडका परत दिला. सरांनी तो बाहेर नळावर नेऊन धुतला, पिळला, घडी घालून खांद्यावर टाकला. खडूचं पांढरं पाणी नळाखाली वाहून गेलं.

परतीच्या बससाठी आम्ही दोघं फाट्यावर उभे होतो. उसाचे ट्रॅक्टर जात होते, प्रत्येकाच्या मागे धूळ.

"सर," मी म्हणाले, "तुम्हीच आम्हाला सांगितलं होतं. साहेब दिसायच्या आधी उठा म्हणून."

"ते चहाचं."

"आणि हे?"

"हे वरच्या मजल्यावरचं." त्यांनी फडक्याने फाइलवरची धूळ पुसली. "इतकी वर्षं शिकवून राह्यलो. वापरलं आज पहिल्यांदा."

"तास गेला पण."

"गेला," ते म्हणाले.

मी म्हणाले, मी यावर पत्रक काढते. शाळेचं नाव घालते, हेडसरांचं घालते, साहेबांचं घालते, गावोगाव वाटते. एक शब्द लपवत नाही.

सरांनी फाइल दुसऱ्या काखेत घेतली. "पत्रक उभं राहत न्हाई, ग्रंथपाल. कपाटात ठेवलं की वाकतं, पेटीत घालावं लागतं. लिहायचं तर जाड लिहा, सावकाश लिहा. आणि शाळेचं नाव नको. पोरांना तिथंच शिकायचंय. हेडसरांचं नको, त्यांच्या जागी दुसरे असते तरी हेच असतं. माझं तर बिलकुल नको."

"मग उरलं काय?"

"तास उरला ना. तो लिहा."

बस आली. ते मागच्या दाराने चढले, सीट पुसली आणि मला बसायला जागा केली.

पुढच्या बुधवारी आठवी मैदानावर कवायत करत होती. चौथ्या तासाला सरांनी सतरंजी झटकली, अंथरली, पुस्तकं मांडली. फळ्यावर आता त्यांच्या तासाचं नाव नव्हतं. पोतीही परत आली होती, त्यामुळे सतरंजी पूर्ण उलगडत नव्हती. ते स्टुलावर बसले. मैदानावरून शिट्टीचा आवाज येत होता. निवृत्त होईपर्यंत त्यांनी एकही बुधवार सोडला नाही, असं मला त्या शाळेतल्या एका बाईंनी सांगितलं. निरोपाच्या कार्यक्रमात शाल आणि नारळ दिला, भाषणं झाली, त्यांच्या टापटिपीचं कौतुक झालं. नंतर ती खोली पूर्णच आहाराला दिली.

मला नोकरी लागली ती जाफराबादच्या बाजूला. इथे सोयाबीन आणि कपाशी, आणि शाळेपर्यंत येणारी एसटी वेळेवर आली तर लोक घड्याळ तपासतात. मीसुद्धा अर्धवेळच. मी वेळापत्रकात एकच गोष्ट मागितली, बुधवारचा चौथा तास. तो मिळाला कागदावर. घ्यायला इथेही गणिताचे सर आहेत, त्यांचाही पोर्शन मागे असतो. मी सतरंजी विकत आणली. बुधवारी ती झटकते, पोत्यांच्या मधे अंथरते आणि पुस्तकं मांडते. माझ्याही हातात फाइल असते.

सरांचा फोन येतो. दर बुधवारी, चौथा तास निम्मा झाला की. बोलणं ठरलेलं.

"ग्रंथपाल, बसल्या का?"

"बसले, सर."

"हात धुतले?"

"धुतले."

"कोणी आल्तं का?"

"नाही, सर."

"बरं. घंटा होईपर्यंत गुंडाळू नका." एवढं बोलून ते ठेवतात. सुरुवातीला मला वाटायचं की ते मला धीर देण्यासाठी करतात. नंतर कळलं की घरी बसून त्यांचा बुधवार जात नाही. एकदा मी म्हणाले, सर, कंटाळा आलाय. ते म्हणाले, "यायलाच पाहिजे. मला तर पहिल्याच महिन्यात आल्ता."

मागच्या बुधवारी गणिताचे सर मतदार यादीच्या कामावर गेले होते. पुढच्या बुधवारी ते परत येणार, हे सगळ्यांना माहीत होतं. मुख्याध्यापकांनी आठवीच्या वर्गाला व्हरांड्यात उभं केलं, इकडे तिकडे बघितलं आणि मला म्हणाले, "मॅडम, तेवढा तास सांभाळा यांना. गोंधळ नको." आणि मुलं आली. नळावर हात धुऊन आली, पोत्यांमधून वाट काढत सतरंजीवर दाटीवाटीने बसली. जागा पुरली नाही म्हणून दोन मुली पोत्यावर चढून बसल्या. बराच वेळ गलका होता. मग कमी झाला.

फोन वाजला तेव्हा मी दाराशी उभी होते.

"ग्रंथपाल, बसल्या का?"

"उभी आहे, सर," मी अगदी हळू म्हणाले.

"हां? का बरं? कोणी आल्तं का?"

"आलेत, सर. वाचतायत."

वाचणाऱ्यांसमोर ग्रंथपालाने बोलायचं नसतं म्हणून, सरांनी फोन ठेवून दिला.